पहिला डीजे कंट्रोलर घेताना

भावा, प्रायोजित रिव्ह्यूत सांगितलेलं सहसा खोटं नसतं, न सांगितलेलं महागात पडतं. डीडीजे-एफएलएक्स४ या डीजे कंट्रोलरचं (गाणी मिक्स करायच्या यंत्राचं) उदाहरण घे. व्हिडिओत पॅड, लाइट, इफेक्ट सगळं झकास दिसतं. पण त्याला बूथ आउटपुट (डीजेच्या स्वतःच्या स्पीकरसाठी वेगळी जोडणी) नाही आणि मास्टर आउट, म्हणजे मुख्य स्पीकरकडे जाणारी जोडणी, फक्त आरसीए (घरगुती साउंडची साधी पिन) आहे, एक्सएलआर (लांब केबलवरही आवाज स्वच्छ ठेवणारी तीन पिनांची जोडणी) नाही. घरी शिकायला काहीच अडत नाही, पण हळदीला मंडपात लांब केबल टाकलीस की स्पीकर गुणगुणायला लागू शकतो. म्हणून आधी मॅन्युअल वाच, कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं.

एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रायोजित व्हिडिओवर जाहिरात असल्याचं लेबल लावावं लागतं, ते बघ. लेबल असेल तर व्हिडिओ फीचर समजण्यापुरता ठेव. वर्षभराच्या धुळीनंतर फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कसा चालतो, हे मात्र दुरुस्तीवाल्यालाच विचार.