‘गर्भपात’ आणि ‘भ्रूणहत्या’ एकच का?

गावातल्या आरोग्य शिबिराच्या पत्रकात ‘गर्भपात’ लिहायचं की ‘भ्रूणहत्या’, अर्थ एकच ना, असं तुम्ही विचारलंत. अर्थ एक नाही. ‘गर्भपात’च लिहा.

‘पात’ म्हणजे पडणं. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर ‘स्राव’ आणि पाचव्या-सहाव्यात गेला तर ‘पात’ असा भेद केलाय. म्हणजे शब्द मुळात आपोआप घडणाऱ्या गोष्टीचा. मराठीत तो दोन्हीकडे चालतो आणि खरं काय झालं ते क्रियापद सांगतं. ‘तिचा गर्भपात झाला’ म्हणजे आपोआप पडला. ‘तिने करून घेतला’ म्हणजे निर्णय तिचा. ‘तिला करायला लावला’ म्हणजे घरच्यांचा. बातमीत ‘महिलेचा गर्भपात केला’ एवढंच छापतात तेव्हा तिची इच्छा होती की जबरदस्ती, हे कळतच नाही. मला ते फार खटकतं. (जनावरांसाठी आपल्याकडे वेगळं क्रियापद आहे: म्हैस गाभडते.)

बायका आपसात ‘गर्भपात’ हा शब्द क्वचितच वापरतात. मावशीला घेऊन दवाखान्यात गेले होते. सिस्टरनी विचारलं, “आधी काही झालंय?” मावशी म्हणाली, “एकदा पिशवी धुतलीय.” सिस्टरनी पेन थांबवलं. “आपोआप पडलं होतं, की केलं होतं?” मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेले. ‘पिशवी धुणं’, ‘क्युरेटिंग’ हे शब्द दोन्ही वेळी चालतात. कोणाला काय सांगायचं ते बाईच्या हातात राहतं, म्हणून ते टिकलेत असं मला वाटतं.

आता ‘भ्रूणहत्या’. धर्मसूत्रांत हे घोर पाप आहे, आणि तिथे ‘भ्रूण’चा एक अर्थ विद्वान ब्राह्मण असाही होतो. आपल्या तोंडी हा शब्द बसला तो मात्र गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेमुळे. महाराष्ट्राने त्यासाठी १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. मोहीम योग्यच होती. पण भिंतीवरच्या ‘स्त्रीभ्रूणहत्या’मधला ‘स्त्री’ बोलताना गळला आणि ‘हत्या’ तेवढी राहिली. मुलगी म्हणून गर्भ पाडणं आणि दिवस गेलेत पण मूल नको म्हणून डॉक्टरकडे जाणं, दोन्हींना एकच नाव पडलं. मग सरकारी दवाखान्यात जावं तर पोलीस येतील, या भीतीने बाई आठवडे घालवते.

गर्भपाताला मुभा देणारा कायदा १९७१ पासून आहे. कायद्यातल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने २४ पर्यंत मुभा आहे. त्याच दुरुस्तीत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांची मुभा अविवाहित स्त्रियांनाही आहे असं स्पष्ट केलं. शब्द बदलल्याने दार उघडतं ते असं.

तुमच्या पत्रकात मी एवढं लिहीन: “दिवस गेलेत आणि मूल नको आहे? मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करून घेता येतो. अठरा वर्षं पूर्ण असतील तर सही तुमचीच लागते, नवऱ्याची नाही. लवकर या.”