खडा नंतर, आधी तार बघा

या वेळी कानातल्यांचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात घ्यावे लागतील. तारेत खडे गुंफून घरीच कानातले करायचं वेड ठाण्यापासून पनवेलपर्यंत पसरलंय आणि मला त्याचा फार आनंद आहे, कारण हे काही बाहेरून आलेलं नाहीये, आपल्या नथीत आणि कुड्यांत मोती तारेतच ओवलेले असतात ना! फक्त सगळ्यांच्या पत्रात खड्यांचंच कौतुक आहे, तारेबद्दल कोणी बोलतच नाही आणि अडचणी मात्र बहुतेक तारेच्याच.

प्रश्न (खारघर, कॉलेजची विद्यार्थिनी): ताई, हार्डवेअरच्या दुकानातून मोटर वाइंडिंगची तांब्याची तार आणली, २२ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) मागितली तीच मिळाली, पण अ‍ॅमेथिस्टच्या (जांभळ्या खड्याच्या) मण्यात ती जातच नाही. व्हिडिओत तर २२ गेजच सांगतात. आणि कडी कधी अंडाकृती येते, कधी तारच तुटते.

उत्तर: अगं तुझं काही चुकत नाहीये, मापाचा घोळ आहे. आपल्याकडे वाइंडिंगची तार एसडब्ल्यूजी म्हणजे ब्रिटिश गेजवर विकतात आणि तू बघतेस ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकन गेजवाले असणार. २२ गेज ब्रिटिश मापात ०.७१ मिमी, अमेरिकन मापात ०.६४ मिमी, ऐकायला फरक एवढासाच पण मण्याच्या भोकात तेवढ्यावरच अडतं. म्हणून दुकानात गेज विचारूच नकोस, मिलिमीटर विचार. हुकासाठी ०.८, मणी ओवून कडी करायला ०.६, आणि थेंबाच्या आकाराचा खडा, ज्याला वरच्या टोकाला आडवं भोक असतं, त्याला ०.४. मोत्यांची भोकं अजून बारीक असतात, तिथे ०.३ लागते.

वाइंडिंगच्या तारेवर वार्निश असतं, पकडीने ते खरवडलं जातं आणि मग पट्टे पट्टे दिसतात. सरावाला ती झकास, स्वस्तही आहे, पण घालायच्या कानातल्याला बिनवार्निशची तांब्याची तार किंवा चांदीची घे.

आता तुटण्याचं. तार वाकवली, सरळ केली, परत वाकवली की ती दर वेळी कडक होत जाते आणि शेवटी कट्कन तुटते. म्हणून बिघडलेल्या तुकड्याशी झटापट करत बसू नकोस, सरळ कापून टाक आणि नवा घे. मणी ओवल्यावर वरती दोन-तीन मिमी मान सोड, तिथे काटकोनात वाकव, मग गोल तोंडाच्या पकडीवरून कडी वळव आणि उरलेली तार मानेभोवती दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळून मण्याला टेकली की काप. कापलेलं टोक चपट्या पकडीने आत दाबायचं, बोट फिरवून बघायचं, जराही टोचलं तर परत दाबायचं, नाहीतर ओढणी अडकलीच म्हणून समज. गोल पकड टोकाकडे निमुळती असते त्यामुळे कडी कुठे वळवतेस त्यावर तिचा आकार ठरतो, तर पकडीवर मार्करने एक खूण कर आणि सगळ्या कड्या तिथेच वळव. आणि एक कानातलं पूर्ण करून मग दुसरं असं करू नकोस, दोन्हीची प्रत्येक पायरी बरोबरीने कर, जोडी सारखी होण्याचा यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

प्रश्न (नौपाडा, गृहिणी, वय साठीच्या पुढे): सुनेने हौसेने गार्नेटचे कानातले करून दिले, हुक जर्मन सिल्वरचे आहेत. दोन तासांत कान लाल झाले, खाज सुटली, नंतर पाणी पण आलं. मला चांदी तर चालते, मग असं का? तिला सांगायचंही जिवावर येतंय.

उत्तर: काकू, जर्मन सिल्वरमध्ये नावाला सुद्धा चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. तुमच्या कानाला बहुतेक त्यातलं निकेल सोसत नाहीये आणि निकेलची अ‍ॅलर्जी एकदा लागली की सहसा आयुष्यभर राहते, त्यामुळे सवय होईल म्हणून घालत राहू नका. कानाला आधी पूर्ण बरं होऊ द्या, पाणी किंवा पू थांबत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

सुनेला मात्र नक्की सांगा, आणि असं सांगा की कानातले मला फार आवडलेत, फक्त हुक बदलून दे. खऱ्यात तेवढंच तर करायचंय! हुकाची खालची कडी पकडीने बाजूला सरकवून उघडायची (फाकवायची नाही, आकार जातो), गार्नेटचा भाग काढून नव्या हुकात घालायचा. नवे हुक ९२५ (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी) चांदीचे घ्या किंवा सोन्याचे, तुमच्या नेहमीच्या सराफाकडे सांगितलं तर तो साधे हुक वळून देईल. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते धातूच्या बाबतीत पण खरंच आहे. टायटॅनियमचे हुक मिळाले तर तेही छान. सर्जिकल स्टील बहुतेकांना चालतं पण त्यातही निकेल असतं, म्हणून तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. आणि सून घरी हुक वळत असेल तर तिला सांगा की कानात जाणारं टोक आधी बारीक कानशीने, मग पॉलिश पेपरने गोल करायचं, कापलेली तार नुसती घातली तर कान आतून सोलतो. तांब्याची तार खड्याभोवती हवी तेवढी गुंडाळा, कानाच्या भोकात नको, घामाने हिरवं पडतं.

प्रश्न (ऐरोली, नोकरदार): मी बायकोसाठी तांब्याच्या तारेत फिरोजा आणि मोती घालून कानातले केले होते. पावसाळ्यात तार काळी पडली म्हणून चिंच-मीठ लावून घासले, तार लखलखीत झाली पण फिरोजाचा रंग उतरला आणि मोती मेणचट दिसतायत. परत नीट होतील का?

उत्तर: मोती नाही होणार दादा, वाईट वाटतं सांगताना. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की वरचा थरच खाल्ला जातो आणि तो परत येत नाही. फिरोजा सच्छिद्र असतो, आंबट, तेल, परफ्यूम सगळं पितो. त्यात रंगच उतरला असेल तर तो बहुधा फिरोजा नव्हताच, हाउलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून फिरोजा म्हणून सर्रास विकतात. तार चांगली राहिली असेल तर वेढे हळूच कापून दोन्ही बदला, डिझाइन तुमचंच आहे, मेहनत वाया जात नाही.

पुढच्या वेळी मोती, फिरोजा, मॅलाकाइट (हिरवा दगड) असं काही असेल तर ओवायच्या आधी तार चकचकीत करून घ्या, नंतर फक्त कोरड्या मऊ कपड्याने पुसायचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, तेव्हा घालून झाल्यावर झिपच्या छोट्या पाकिटात हवा काढून ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका. बाथरूमच्या कपाटात तर मुळीच नको.

प्रश्न (घोडबंदर रोड): खरे खडे कुठे घ्यावेत आणि नवशिक्याने कोणते?

उत्तर: मुंबईत भुलेश्वरला एक चक्कर मारा, वाशीहून काय आणि ठाण्याहून काय, मशीद बंदरला उतरून चालत जाता येतं. सुरुवातीला क्वार्ट्झच्या घरातलेच घ्या, अ‍ॅमेथिस्ट, रोझ क्वार्ट्झ, सिट्रिन, कडकपणा दहापैकी ७ असतो, पकड घसरली तरी सहज ओरखडा पडत नाही. खंबातचा अकीक पण मस्त आणि परवडणारा, फक्त अगदी भडक निळा-गुलाबी असेल तर तो रंगवलेला समजा. जळगाव-नाशिककडचे अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक बघून मोह होतो, आपल्या मातीतले म्हणून मलाही होतो, पण ते सहज चिरतात, तारेचा दाब त्यांना सोसत नाही, ते शोकेसमध्येच शोभतात. विकत घेताना वजन विचारा, ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम, आणि खडा, तार, हुक मिळून एका कानाला काय होतंय ते घरच्या छोट्या काट्यावर बघा, भोक आधीच ओघळलेलं असेल तर जितकं हलकं तितकं बरं.