‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात हेक्सप्रूफ असलेला क्रीचर (डावात लढणारं पात्र) ‘रॅथ ऑफ गॉड’ या कार्डातून वाचतो का?

नाही, वाचत नाही. कोथरूडच्या तुमच्या डावात ‘तो मरतो’ म्हणणाऱ्या मित्राचंच बरोबर होतं. हेक्सप्रूफमुळे प्रतिस्पर्ध्याला तो क्रीचर ‘टार्गेट’ करता, म्हणजे लक्ष्य म्हणून निवडता येत नाही, एवढंच. ‘रॅथ ऑफ गॉड’वर ‘डिस्ट्रॉय ऑल क्रीचर्स’, म्हणजे सगळे क्रीचर नष्ट करा, असं आहे. ओळीवर बोट ठेवून वाचा, ‘टार्गेट’ शब्द सापडणारच नाही. ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये टार्गेट कधीच गृहीत धरत नाहीत, तो शब्द कार्डावर किंवा त्यावरच्या कीवर्डच्या (हेक्सप्रूफसारख्या ठरावीक शब्दाच्या) नियमात असावाच लागतो. क्रीचर इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट न करता येणारा) असेल तर मात्र तो टिकतो. आणि हे कार्ड 1993 पासूनचं आहे, त्यामुळे जुनी प्रत असेल तर छापील शब्दांवरून भांडू नका: ‘गॅदरर’ या अधिकृत संकेतस्थळावरचा आजचा मजकूरच धरायचा.