नामदफा की ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क? आठ दिवसांत कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात आठ दिवस आहेत, चालायची सवय आहे, दोन्हीपैकी एकच जमेल आणि "नामदफात काही दिसत नाही असं ऐकलंय". बाकी ठीक, पण हे शेवटचं वाचून राहवलं नाही, कारण अगदी हेच वाक्य आमचे दाजी घरात चार माणसं जमली की ऐकवतात.

आम्ही फेब्रुवारीत अरुणाचलमधल्या नामदफाला गेलो होतो. मी आधीपासून ओरडत होतो की दोन दिवस मोकळे ठेवा, तिकडे काहीही होऊ शकतं. दाजींचं म्हणणं मोकळा दिवस म्हणजे सुट्टी फुकट, आणि तिकिटं काढणारे तेच, त्यामुळे विषय संपला. आता दिब्रुगडला उतरून मार्गेरिटा, लेडो करत म्याओला पोचेपर्यंतच दिवस जातो, तिथून पुढे देबानचा रस्ता, पाऊस झाला की त्याचा नुसता राडा. आणि पाऊस झालाच! सदाहरित जंगल आहे ते, भर हिवाळ्यातही कोसळतो. देबानच्या रेस्ट हाउसखालून नोआ-दिहिंग वाहते आणि हलदीबारी, हॉर्नबिल, बुलबुलिया हे सगळे कॅम्प पलीकडे, म्हणजे होडीशिवाय गती नाही, आणि नावाडी म्हणाला आज होडी सोडत नाही. दाजींनी त्याला जास्त पैसे देऊ केले. तो पाण्याकडे बघून हसला आणि जेवायला निघून गेला. दाजी संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात फेऱ्या मारत होते, कितीचं नुकसान झालं त्याचा हिशोब मोठ्याने चालू.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, पलीकडे गेलो, हलदीबारीपर्यंत चाललो, पायाला जळवा, आणि लगेच मागे फिरलो कारण विमान. निघायच्या सकाळी हुलॉक गिबन ओरडायला लागले, एक जोडी सुरू झाली की दुसरी उत्तर देते, सगळी दरी दणाणून जाते, मी बाहेर उभा आणि दाजी आतून बॅगेची चेन लावत म्हणतात "माकडं फार आहेत रे इथे". अहो, भारतात एप, म्हणजे बिनशेपटीचा वानर, म्हणावा असा हा एकच प्राणी! आणि हा माणूस आजही सांगतो की नामदफात काही दिसलं नाही.

१९८५ चौरस किलोमीटरचं जंगल, उंची २०० मीटरपासून दफा बुम शिखराच्या ४५७१ मीटरपर्यंत, त्याचा काठ बघून हा निकाल. नामदफाच्याच नावाची एक उडणारी खार आहे, १९८१ साली तिचं वर्णन झालं तेच मुळी एकुलत्या एका नमुन्यावरून. तिथे शास्त्रज्ञांचे हे हाल, तर दाजींसाठी कोण रांग लावून उभं राहणार? वाघ, बिबट्या, हिमबिबट्या, क्लाउडेड लेपर्ड चारही तिथले म्हणून नोंदलेत, पण ते बघायला म्हणून जायचंच नसतं. धनेशाच्या पंखांचा आवाज आधी येतो, मग तो दिसतो, कधी दिसतही नाही. जीपमधून वाघ हवा तर ताडोबा आहे ना.

हां, तुमचा प्रश्न. आठ दिवसांत ग्रेट हिमालयनला जा. नामदफा आठ दिवसांत करूच नका, दोन्हीकडचा प्रवास वजा केला तर हातात काय राहतं ते बघा. हिमाचलात कुल्लूकडे औटच्या बोगद्याजवळून बंजार, गुशैनी, आणि तिथून पायी. पार्कच्या आत गाडीचा रस्ता नाही हीच त्याची मजा. तीर्थन नदीच्या कडेने रोल्ला, मग शिल्टची खडी चढण, तिथे गुडघे बोलतात. २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मोनाल पक्षी दिसायची बरीच शक्यता, भरल, थार या रानशेळ्या-मेंढ्यांसारख्या जाती वर राहतात, आणि जुजुराणा, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपॅन पक्षी, नशिबात असेल तर. (दाजी तिथेही जाऊन आले. "एवढं चालून एक रंगीत कोंबडी." ते मोनालबद्दल होतं.)

पण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा, नंतर वर बर्फ कधी पडेल नेम नाही आणि थंडी तर असतेच. नामदफाचं उलट, नोव्हेंबर ते मार्च हाच त्याचा हंगाम, त्यामुळे पुढेमागे दहा-बारा दिवस जमले तर जानेवारी-फेब्रुवारीत जाता येईल. अरुणाचलला इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा प्रवेश परवाना, लागतं, ऑनलाइन मिळतं. ग्रेट हिमालयनमध्ये ट्रेकला परवानगी काढावी लागते, सोबत गावातलाच माणूस घ्या, मोबाइलवरच्या नकाशाच्या जिवावर जाऊ नका. २०२३ च्या जुलैत कुल्लूत पुराने रस्ते वाहून गेले होते, तेव्हा वाट आणि पूल कसे आहेत ते गुशैनीत विचारूनच पुढचं ठरवा.

आणि हो, आठातला एक दिवस तिथेही मोकळाच ठेवा. ग्रुपमधलं कोणी म्हणेल फुकट जाईल, तर तिकिटं त्याच्याकडे देऊ नका.