जजची सही हवी असेल तर आधी ब्रिजवॉटरला जा

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मुलगी नऊ वर्षांची, तिला न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाच्या ॲरन जजची सही हवी, तर यँकी स्टेडियमला कुठल्या सीटची तिकिटं काढावीत? माझं मत विचाराल तर नुसत्या सहीसाठी तिथली महाग तिकिटं काढूच नका. सामना बघायला जरूर जा, पण सहीची आशा दुसरीकडे ठेवा.

कारण साधं आहे. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगच्या, बहुतेक मैदानांची दारं सामन्याच्या साधारण दीड तास आधी उघडतात, काहींची दोन तास. यजमान संघ बॅटिंग प्रॅक्टिस आधी करतो, पाहुणे नंतर. तुम्ही सिक्युरिटीतून आत पोचेपर्यंत यँकीजची प्रॅक्टिस बहुतेक उरकलेली असते आणि मैदानात पाहुणा संघ असतो. यँकीजचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, पहिल्या बेसकडे आहे, त्यामुळे लोक तिकडे धावतात. सही मिळण्याची शक्यता तिसऱ्या बेसच्या बाजूला, पाहुण्यांकडे जास्त. ‘डगआउटच्या मागे उभे राहा’ हा जुना सल्ला आता विसरायचा. २०२० च्या मोसमापासून सगळ्या तीस मैदानांवर संरक्षक जाळी डगआउटच्या पुढपर्यंत नेली आहे, आणि जाळीतून बॉल देता येत नाही. जाळी संपते तिथून पुढे, फाउल लाइनच्या कोपऱ्याकडे, कठड्याशी जागा धरा. सामन्याआधी खालच्या ओळीत मुलांना सोडतात की नाही हे मैदानागणिक बदलतं. तिथल्या अशरला नीट विचारलं तर तो खरं काय ते सांगतो. यँकी स्टेडियमच्या लेजंड्स सीट्सच्या भागात मात्र तिकिटाशिवाय सोडत नाहीत, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आदल्या रात्री सामना आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सामना असेल तर मैदानावरची बॅटिंग प्रॅक्टिस बहुधा रद्द होते, खेळाडू आतल्या जाळ्यांत सराव करतात. रविवारी हे हमखास घडतं, आणि आपण मुलांना नेमकं रविवारीच नेतो. अशा दिवशी पहिला बॉल पडायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास महत्त्वाचा. खेळाडू अंग मोकळं करायला फाउल लाइनवर येतात आणि परत जाताना दोन-चार सह्या करतात. त्या दिवशी सुरुवात करणाऱ्या पिचरला कधीही हाक मारू नये, तो कुणाकडे बघतसुद्धा नाही. त्या दिवशी न खेळणारे बाकीचे सुरुवातीचे पिचर, नंतर बदली येणारे रिलीफ पिचर आणि राखीव खेळाडू यांच्याकडे वेळ असतो.

आता ब्रिजवॉटर. बालाजी मंदिरासाठी तुम्ही ज्या गावाला जाता तिथेच टीडी बँक बॉलपार्कवर सॉमरसेट पेट्रियट्स खेळतात. २०२१ पासून हा यँकीजचा डबल-ए संघ आहे, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, मायनर लीगमधला. मैदान छोटं, तिकीट यँकी स्टेडियमच्या मानाने किरकोळ, खेळाडू विशी-बाविशीतले, आणि त्यांनाही सही मागितलेली आवडते. अँथनी व्होल्पी २०२२ मध्ये इथे खेळत होता आणि ३० मार्च २०२३ ला यँकीजचा शॉर्टस्टॉप म्हणून मैदानात उतरला. शिवाय दुखापतीतून सावरणारे यँकीज अधूनमधून सरावासाठी इथले सामने खेळायला येतात. अशी बातमी आली की त्याच दिवशी तिकीट काढा, कारण हे बहुधा काही दिवसांचंच असतं. मायनर लीगमध्ये एकाच पाहुण्या संघाशी बहुधा मंगळवार ते रविवार सहा सामने असतात, सोमवारी सुट्टी. म्हणजे मंगळवारी चुकलेला खेळाडू शनिवारी सापडू शकतो. पाहुणा संघ बिंगहॅम्टन असला तर ते उद्याचे मेट्स, रेडिंग असला तर उद्याचे फिलीज (दोन्ही मेजर लीगचे संघ), हेही ध्यानात ठेवा. आठवड्याच्या मधल्या वारी, दारं उघडताच आत, हा सगळ्यात फळणारा बेत.

सरावाच्या वेळी खेळाडू बऱ्याचदा जर्सीवर नंबर नसलेलं जॅकेट घालतात. संघाच्या साइटवरून फोटोंसकट खेळाडूंची यादी एका पानावर छापून न्या. ‘ए, हॅलो, नंबर सत्तावीस!’ अशा हाकेला कुणी वळत नाही, नावाने हाक मारली की वळतात.

सामानाचं सांगतो, कारण निम्म्या सह्या इथेच वाया जातात. बॉल रॉलिंग्ज कंपनीचा, खऱ्या चामड्याचा घ्या. खेळण्याच्या दुकानात मिळणाऱ्या सिंथेटिक कव्हरच्या बॉलवर शाई धरत नाही. शिवणीच्या दोन ओळी जिथे सर्वांत जवळ येतात अशा दोन जागा बॉलवर असतात. मेजर लीगच्या अधिकृत बॉलवर त्यातल्या एकीवर कमिशनरची छापील सही असते, दुसरी कोरी असते. ही कोरी जागा म्हणजे स्वीट स्पॉट, एकट्या खेळाडूची सही तिथेच घ्यायची. सगळ्या संघाच्या सह्या एकाच बॉलवर घेणार असाल तर ती जागा मॅनेजरसाठी किंवा मोठ्या खेळाडूसाठी राखून ठेवा.

बॉलवर सही फक्त निळ्या बॉलपेनने. शार्पी (न पुसल्या जाणाऱ्या शाईचा मार्कर) चालत नाही: तिची शाई चामड्यात झिरपते, काही वर्षांत अक्षरांच्या कडा फुगतात आणि सही धुरकट दिसते. जेल पेनची शाई लवकर वाळत नाही, बॉल हातात फिरला की फरफटते. उलट खेळाडूचं छापील कार्ड, फोटो, टोपी, जर्सी यांना बारीक टोकाची शार्पीच लागते. गडद रंगाच्या टोपीला किंवा काळ्या बॅटला चंदेरी मार्कर. चकचकीत क्रोम कार्डांवर शाईचे थेंब थेंब होतात. आदल्या दिवशी कार्डावर चिमूटभर बेबी पावडर टाकून मऊ फडक्याने पुसून घ्या. सही झाल्यावर कार्ड लगेच प्लास्टिकच्या पाकिटात सारू नका, मिनिटभर हवेवर वाळू द्या.

आणि सनस्क्रीन! मुलीच्या हाताला लावलेलं सनस्क्रीन बॉलला लागलं की बॉलपेन त्या ठिकाणी उठतच नाही, मधली अक्षरं गायब होतात. बॉल छोट्या झिपलॉक पिशवीत ठेवा, कठड्याशी गेल्यावरच काढा. पेन कागदावर गिरगटून शाई उतरवून ठेवा, टोक बाहेर, आणि जादा एक खिशात. पेन घेऊन खेळाडू पुढे निघून जातो हे नेहमीचंच. बॅग १६ बाय १६ बाय ८ इंचांहून मोठी नको, पाठीवरची सॅक बऱ्याच मैदानांवर चालत नाही.

नावाचं मोठं काम असतं. मुलीचं नाव श्रावणी, ज्ञानदा किंवा ऋजुता असेल तर खेळाडू स्पेलिंगपाशी अडतो, आणि मागे तीस मुलं उभी असतात. नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत स्टिकी नोटवर लिहून बॉलशेजारी धरायला द्या. नावासकट सही मागण्यात फायदाच आहे. सह्या विकणारी मंडळी लहान मुलांना पुढे करून बॉल गोळा करतात हे खेळाडूंना पाठ झालंय. नाव घातलेला बॉल बाजारात फारसा खपत नाही, म्हणून नाव मागणाऱ्या मुलाला सही लवकर मिळते. त्याच कारणाने तुम्ही दोन ओळी मागे उभे राहा, हातात बॉल-कार्डांची थप्पी नको, आणि मुलीकडे एकच वस्तू द्या.

मागायचं तिने स्वतः. मागून ‘अगं सांग ना, सांग ना’ करणारे आईबाबा पाहिले की मुलाचा आवाज आणखी बसतो. घरी चार वेळा म्हणवून घ्या: ‘मिस्टर अमुक, माझ्या बॉलवर सही कराल का, प्लीज?’ बॉल स्वीट स्पॉट वर करून द्यायचा, फेकायचा नाही, सही झाली की थँक्यू. डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाचे खेळाडू मायनर लीगमध्ये खूप आहेत. त्यांना ‘पोर फावोर’ आणि ‘ग्रासियास’ म्हटलं की चेहरा खुलतो. पुढे गेलेल्याला पुन्हा पुन्हा हाका मारायच्या नाहीत. हॉटेल, रेस्टॉरंट, पार्किंगमधली वाट अडवणं हे मुलांना घेऊन करू नये, मग कुणी काही म्हणो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोनात सराव करतात. यँकीज टॅम्पाला असतात. त्या दिवसांत डिस्नेचा बेत असेल तर टॅम्पाला एक दिवस काढा.

जजसारख्यांसाठी टपालाचा मार्गही आहे, पण नामवंतांकडून उत्तर क्वचितच येतं. नवखे आणि निवृत्त खेळाडू उत्तरं देतात. संघाच्या साइटवरचा मैदानाचा पत्ता, वर खेळाडूचं नाव. मुलीच्या हातचं पाच-सहा ओळींचं पत्र, एकच कार्ड, आणि स्वतःचा पत्ता लिहून फॉरएव्हर तिकीट (दर वाढले तरी चालणारं टपाल तिकीट) लावलेला, दुमडलेला दुसरा लिफाफा. कडक प्लास्टिकचा टॉपलोडर घालू नका, लिफाफा यंत्रातून जात नाही आणि जादा टपालखर्च पडतो. पातळ पाकीट पुरे. परतीच्या लिफाफ्याच्या आतल्या झाकणावर पेन्सिलीने खेळाडूचं नाव आणि पाठवल्याची तारीख लिहा, कारण उत्तर कधीकधी वर्षाने येतं आणि सही वाचून नाव कळत नाही. टोरांटोच्या खेळाडूला पाठवताना अमेरिकी तिकीट परतीला चालत नाही, कॅनडाचं लागतं. तेवढ्यासाठी मार्चमध्ये त्यांच्या फ्लोरिडातल्या डनीडनच्या पत्त्यावर पाठवा, तिथून अमेरिकी तिकीट चालतं.

सही झालेला बॉल उन्हात, खिडकीत ठेवू नका, निळी शाई आधी उडते. अतिनील किरण रोखणारा प्लास्टिकचा चौकोनी डबा मिळतो, तो घ्या. वर वार्निश, लॅकर काही मारायचं नाही, बॉल पिवळा पडतो. सही खरी असल्याची खूण म्हणून लावतात त्या होलोग्राम स्टिकरच्या मागे लागू नका; मेजर लीगचा स्टिकर त्यांच्या माणसाने समोर पाहिलेल्या सहीलाच मिळतो, आणि बाहेरच्या कंपनीकडून तपासून घेण्याची फी बहुतेक नवख्यांच्या सहीपेक्षा जास्त पडते. सही करतानाचा एक फोटो काढा, आणि डब्याखाली चिठ्ठी चिकटवा: कोण, कुठे, कधी.