व्हर्च्युअल सर्व्हर बंद करताना टाइमआउट आणि चालू करताना इमर्जन्सी मोड येतो, काय करू?

प्रश्न मला समजला तो असा. प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू लिनक्सचा एक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर, आहे, शटडाउन दाबलं की टाइमआउटची एरर येते, मग तुम्ही स्टॉप मारता, आणि सकाळी चालू केला की दीड मिनिट अडकून इमर्जन्सी मोडला, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अर्धवट अवस्थेत, जातो. हेच्या हेच मी इथं सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात निस्तरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ते स्टॉप मारायचं थांबवा. शटडाउन म्हणजे आतल्या उबुंटूला निरोप जातो की बाबा आवरून घे, आणि स्टॉप म्हणजे भिंतीतला प्लग ओढणं. डेटाबेस लिहित असताना रोज प्लग ओढला तर तो किती दिवस सहन करणार? आणि चालू होतानाच्या एररमागं लागण्याआधी बंद होताना काय झालं ते बघा. उबुंटूच्या आत शिरल्यावर जर्नलसीटीएल -बी -1 ही कमांड मारा, त्यात मागच्या वेळी चालू झाल्यापासून बंद होईपर्यंतची नोंद (लॉग) निघते, शेवटच्या पन्नास-साठ ओळी नीट वाचा. व्यवस्थित बंद झाला असेल तर शेवटी सर्व्हिसेस एकेक करून थांबल्याचं दिसतं, आणि ओळी मध्येच तुटल्या असतील तर समजायचं की प्लग ओढला गेलाय.

आता टाइमआउट का येतो. व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत बसून प्रॉक्समॉक्सचे निरोप घेणारा छोटा प्रोग्राम) एनेबल केलेला असला की प्रॉक्समॉक्स बंद करायचा निरोप त्या एजंटमार्फतच देतो, आणि आत उबुंटूमध्ये एजंट इन्स्टॉलच नसेल तर निरोप घेणारं कोणी नाही, मग वेळ संपते आणि एरर येते. उबुंटूमध्ये एपीटी या सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडनं क्यूईएमयू-गेस्ट-एजंट टाका, नंतर व्हीएम एकदा पूर्ण बंद करून चालू करा, आतून नुसता रिबूट करून ती सेटिंग लागू होत नाही. आणि शटडाउनचा टास्क लटकलेला असताना स्टॉप दाबला की 'कान्ट लॉक फाइल' येतं ते घाबरण्यासारखं नाही, पहिल्या टास्कनं लॉक धरून ठेवलेलं असतं एवढंच, खाली टास्कच्या यादीत जाऊन तो टास्क आधी थांबवायचा. बॅकअप अर्धवट राहून 'व्हीएम इज लॉक्ड' येत असेल तर बॅकअप खरंच चालू नाही हे बघून मग प्रॉक्समॉक्सवर क्यूएम अनलॉक आणि पुढं व्हीएमचा नंबर अशी कमांड मारा. चालू बॅकअपवर हे कधी मारू नका.

लाईट गेल्यावर यूपीएसवर होस्टच, म्हणजे प्रॉक्समॉक्सचं मूळ मशीनच, बंद करता का तेही बघा. तेव्हा प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमसाठी डीफॉल्ट 180 सेकंद थांबतो आणि मग जबरदस्तीनं बंद करतो. डेटाबेस मोठा असेल तर ही वेळ व्हीएमच्या स्टार्ट-शटडाउन ऑर्डरमध्ये वाढवून ठेवा, यूपीएस तेवढा वेळ टिकणार असेल तरच अर्थात.

आता इमर्जन्सी मोड. कन्सोल उघडून बघा, लाल चांदण्या डावीकडून उजवीकडं पळत असतात, शेजारी 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि पुढं एका डिस्कचा लांबलचक आयडी, सेकंद मोजत 1 मिनिट 30 ला पोचतात आणि मग दार बंद. ते दीड मिनिट म्हणजे सिस्टिमडीचा (उबुंटूत सगळं चालू-बंद करणारा प्रोग्राम) डीफॉल्ट 90 सेकंदांचा टाइमआउट, आणि तो जिची वाट बघतोय ती डिस्क जागेवर नाही. आमच्याकडं काय झालेलं सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर शहरात शिरला तेव्हापासून शेठनी नियमच केलेला की बॅकअपची यूएसबी डिस्क रात्री दुकानात ठेवायची नाही, दिवाणजी रोज पिशवीत घालून घरी नेणार. नियम शंभर टक्के बरोबर, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण ती डिस्क व्हीएमला जोडलेली आणि इटीसी फोल्डरातल्या एफएसटॅब फाइलमध्ये (चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) तिची ओळ साधी 'डीफॉल्ट्स' लिहून टाकलेली, म्हणजे डिस्क असलीच पाहिजे, त्यामुळं दिवाणजी यायच्या आधी कोणी सर्व्हर चालू केला की तो अडकायचा, आणि बाहेर हळद विकून बसलेला शेतकरी पट्टीसाठी (विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी) ताटकळायचा. ते बघवायचं नाही.

उपाय छोटा आहे. इमर्जन्सी मोडमध्ये एंटर मारून किंवा रूटचा पासवर्ड देऊन आत जा (घेत नसेल तर व्हीएमला उबुंटूची आयएसओ लावून तिच्यावरून बूट करा), रूट डिस्क (उबुंटूची मुख्य डिस्क) रीड-ओन्ली असेल तर रीमाउंट करून लिहिण्याजोगी करा, आणि एफएसटॅबमध्ये त्या ओळीच्या ऑप्शन्समध्ये 'नोफेल' लिहा. रिबूट मारायच्या आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवून फाइल तपासा, एक स्वल्पविराम चुकला तरी परत तिथंच येऊन पडाल.

पण नोफेल टाकून निघून जाऊ नका हो, इथंच खरा खड्डा आहे. डिस्क नसली तरी सर्व्हर आता चालू होतो, रात्रीची बॅकअपची स्क्रिप्ट मात्र तिच्या वेळेवर पळते, आणि डिस्क माउंट (जोडलेली) नसलेल्या त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवरच, बॅकअप ओतत बसते. आमच्याकडं नवव्या दिवशी रूट 100 टक्के भरली आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस उठेना. डीएफ -एच ही डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड मारल्यावर कळलं. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट -क्यू नं तपासायचं, डिस्क लागलेली नसेल तर तिथंच बाहेर पडायचं आणि कोणाला तरी मेसेज जाईल असं करायचं, नाहीतर बॅकअप होतोय या समजुतीत महिने जातात.

हे सगळं करून झालं की सुट्टीच्या दिवशी ताजा बॅकअप हातात ठेवून दोनदा बंद-चालू करून बघा, एकदा डिस्क लावून, एकदा काढून. दोन्ही वेळा कन्सोल उघडाच ठेवा आणि कुठं अडकला तर ती ओळ जशीच्या तशी लिहून पाठवा, नुसतं 'एरर आली' म्हणून नका लिहू, त्या ओळीत डिस्कचं किंवा सर्व्हिसचं नाव असतं आणि मला तेवढंच पाहिजे.