महिनाभर गावी जातोय, इलेक्ट्रिक कार उभी ठेवली तर बॅटरी उतरेल का?

मोठी बॅटरी सहसा उतरत नाही, पण 12 व्होल्टची छोटी उतरू शकते. आणि ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, कारण लॉक, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच), सगळं तिच्यावरच चालतं. मीही ईव्हीच चालवतो. ‘गाडी सुरूच होईना’ म्हणणाऱ्यांकडे बऱ्याचदा हीच गेलेली निघते. बऱ्याच गाड्या उभ्या असताना मोठीतून छोटीला चार्ज करत राहतात. तुमची करते का, हे मॅन्युअलमध्ये बघा. करत नसेल तर घरच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास ‘रेडी’त, म्हणजे चालवायला तयार अशी सुरू ठेवायला सांगा; तेव्हा मोठी छोटीला चार्ज करते. नुसती अ‍ॅक्सेसरी (म्हणजे फक्त स्क्रीन, रेडिओ) चालू ठेवली तर छोटी उलट उतरेल. तिकडून सारखं अ‍ॅप उघडून चार्ज बघू नका (मोह होतो!), त्याने अनेक गाड्या जाग्या होतात.

निघताना चार्ज 50-60 टक्के, गाडी सावलीत. मॅन्युअलने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. मोठी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर अधूनमधून 100 टक्के करायला सांगतात, ते टक्केवारी बरोबर दिसावी म्हणून. ते परत आल्यावर करा.